बाबांसाठी क्रोशाचं चष्म्याचं घर

'वडिलांसाठी क्रोशाने काय करता येईल' असं शोधलं की आधी मफलर आणि कानटोप्याच समोर येतात. मुंबईतल्या बाबांनी मफलर घालायचा कधी? जानेवारीत चार-पाच पहाटे जरा गार वाटतं, त्याही दिवशी आमचे बाबा पंखा एकवर ठेवून झोपतात. मग येतात कपाखाली ठेवायच्या चकत्या. त्या दिसतात छान, पण आमच्या घरी त्यांच्यावर कपापेक्षा रिमोट जास्त वेळ बसलेला असतो.

मी केलं चष्म्याचं घर. पहिल्यांदाच क्रोशाची सुई हातात घेणाऱ्यासाठी याच्याइतकं सोपं दुसरं काही मला सुचत नाही. गोल विणायचं नाही, टाके वाढवायचे नाहीत, घटवायचे नाहीत. एक लांब पट्टी विणायची, तिची घडी घालायची, दोन बाजू जोडायच्या. टाका सगळीकडे एकच.

पण दोरा आणायला निघण्याआधी दोन दिवस बाबांकडे नुसतं बघा. चष्मा कुठे ठेवतात? शर्टाच्या खिशात, उशीखाली, की पेपरच्या घडीत? माझ्या बाबांचे दोन चष्मे आहेत, एक वाचायचा आणि एक लांबचा, आणि दोन्ही एकाच खिशात एकमेकांवर घासत असतात. दुसरी गोष्ट माझ्या उशिराच लक्षात आली. माणूस चष्म्याचं घर शोधत असतो तेव्हा त्याच्या डोळ्यांवर चष्मा नसतो! मी आधी ठरवलेला गडद निळा रंग आमच्या चॉकलेटी सोफ्यावर त्यांना दिसलाच नसता. तेव्हा किनार भडक पाहिजे आणि कुठलं घर कुठल्या चष्म्याचं हे बोटांना कळलं पाहिजे, असं मी ठरवलं. खाली जे सांगते आहे ते सगळं त्याच हिशेबाने आहे.

माप

बाबा आंघोळीला गेले की त्यांचा चष्मा मिटून पेपरच्या कागदावर ठेवा. लांबी मोजा आणि त्यात २ सेंटिमीटर मिळवा. मग कागदाची पट्टी मिटलेल्या चष्म्याच्या सगळ्यात जाड भागाभोवती सैलसर गुंडाळा, ती जितकी भरेल त्याच्या निम्मं करा आणि वर १ सेंटिमीटर धरा. ही झाली रुंदी. माझं माप लांबीला १७ आणि रुंदीला ९ सेंटिमीटर आलं. साध्या चौकटीच्या चष्म्याला साधारण एवढंच लागतं. म्हणजे पट्टी ९ सेंटिमीटर रुंद आणि १७ अधिक १७, वर झाकणाचे ५, अशी ३९ सेंटिमीटर लांब. बाबा घर खिशात ठेवणार असतील तर खिशाची रुंदीही मोजून घ्या.

काय काय लागेल

सुती दोरा, ८ प्लायचा (प्लाय म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप), ५० ग्रॅमचा एक गुंडा. किनारीसाठी दुसऱ्या रंगाचा थोडासा. लोकर किंवा ॲक्रिलिक घेऊ नका. मे महिन्यात घामट हातांनी ॲक्रिलिक विणताना ते बोटाला चिकटतं, आणि खिशात घासून त्यावर बारीक गोळे येतात ते वेगळेच. अगदी बारीक क्रोशाचा दोराही नको. रुखवतातले रुमाल आणि तोरणं त्याच दोऱ्याची असायची, आणि ती विणणाऱ्या मावश्यांची नजर आणि चिकाटी तुमच्या-माझ्याकडे नाही. दुकानात गेल्यावर गोंधळ होतो तो असा: दोऱ्यावर १०, २०, ४० असे आकडे असतात आणि आकडा मोठा तितका दोरा बारीक. आपल्याला हे आकड्यांचे दोरे नकोतच, 'आठ प्लाय कॉटन' म्हणून मागा.

सुई साडेतीन मिलिमीटरची. स्टीलच्या जुन्या सुयांवर मिलिमीटर नसतात, नुसते नंबर असतात, आणि तिथेही नंबर मोठा तितकी सुई बारीक. आईच्या शिवणाच्या डब्यातली सुई सापडली म्हणून खूश होऊ नका, ती बहुतेक बारीक दोऱ्याचीच असते. पकडायला रबरी मूठ असलेली मिळाली तर पहिल्या आठवड्यात अंगठा कमी दुखतो.

शिवाय कात्री, मोजपट्टी, चार-पाच सेफ्टी पिना, मोठ्या नेढ्याची आणि बोथट टोकाची एक सुई, साधी शिवणाची सुई-दोरा, आणि बाबांचा एक जुना सुती शर्ट. शर्टाचं काम पुढे येईल. माझ्या आईने बोहारणीला द्यायला काढलेल्या गठ्ठ्यातून एक मऊ पडलेला शर्ट मला काढून दिला आणि वर "त्यांना सांगू नकोस, अजून घालायचाय म्हणतील" असंही बजावलं.

खरेदीसाठी दादर पश्चिमेचा बाजार पुरतो. भुलेश्वरला बटणं, लेस आणि दोऱ्यांच्या गल्ल्यांत निवड जास्त आहे, पण एका गुंड्यासाठी गेलात तर पाच घेऊन याल. ऑनलाइन मागवला तरी चालतो, फक्त रंग पडद्यावर दिसतो तसाच निघेल याची खात्री धरू नका. दोरा आणला की वीतभर तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात दाबून ठेवा. लाल किंवा निळा रंग जात असेल तर तो आत्ताच कळू दे, बाबांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात नको.

नावांचा घोटाळा

व्हिडिओ बघून शिकणार असाल तर हे आधी वाचा. अमेरिकन पद्धतीत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणतात, आणि अमेरिकन डबल म्हणजे ब्रिटिशांचा ट्रेबल. एकाच नावाचे दोन टाके. आमच्या घरी आजी आणि आई साखळी, मुका खांब आणि खांब असं म्हणत आल्या आहेत. आपल्याला लागणार आहेत पहिले दोन, साखळी आणि मुका खांब. हा मुका खांब म्हणजे अमेरिकन सिंगल क्रोशे. खांबांमध्ये सगळ्यात बुटका, घट्ट विणीचा, आणि म्हणूनच चष्म्याला योग्य. खांबाच्या विणीत भोकं राहतात आणि चष्म्याची काडी नेमकी त्यांतून बाहेर डोकावते.

हात बसवणं

सुई पेन्सिलसारखी धरा किंवा भाजी चिरताना सुरी धरतो तशी, जे सुचेल तसं. दोरा डाव्या करंगळीभोवती एक वेढा देऊन मधल्या बोटांखालून तर्जनीवरून न्यायचा. दोरा ताणला जाईल की सैल राहील ते ही तर्जनी ठरवते. डावखुरे असाल तर सगळं आरशातल्यासारखं उलट करा, वीण तीच होते.

सुरुवातीला सरकती गाठ मारून ती सुईवर घ्या. सुईवर दोरा घ्यायचा, आकड्यात पकडायचा आणि सुईवरच्या लूपमधून ओढून काढायचा. ही झाली एक साखळी. पहिला दिवस फक्त साखळ्या करा. पन्नास करा, उसवा, परत करा. सुरुवातीच्या साखळ्या सगळ्यांच्याच इतक्या घट्ट होतात की नंतर त्यांत सुई शिरत नाही. त्याला सोपा उपाय म्हणजे पायाची साखळी तेवढी एक नंबर मोठ्या, ४ मिलिमीटरच्या सुईने घालायची.

आता मुका खांब. सुई टाक्यात घाला, दोरा पकडून बाहेर ओढा. सुईवर दोन लूप दिसतील. परत दोरा पकडा आणि दोन्ही लूपमधून एकदम ओढून काढा. सुईवर एक लूप उरला की टाका झाला. दुसऱ्यांदा ओढताना हात अडतो, कारण सुईचा आकडा वर बघत असतो. तो ओढताना खाली, दोऱ्याकडे वळवला की सुळकन निघतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तीन दिवस मी त्या लूपांशी झटत होते.

पट्टी

१७ साखळ्या घाला. सुईवरचा लूप मोजायचा नाही. सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब, आणि पुढे प्रत्येक साखळीत एकेक. शेवटाला १६ टाके हवेत. एक साखळी घाला, काम उलटं फिरवा, आणि अगदी पहिल्याच टाक्यापासून परत १६. प्रत्येक ओळीला हेच. फिरवताना घातलेली ती एक साखळी टाका म्हणून धरायची नाही, तिच्यात विणायचंही नाही.

सात-आठ ओळी झाल्या की रुंदी मोजा. ९ सेंटिमीटर आली तर पुढे चला. माझा हात घट्ट, म्हणून मला १७ टाके लागले. तुमचा सैल असेल तर १५ पुरतील. इथे उसवायला लागलं तर जीवावर येतं, मला माहीत आहे, पण आठ ओळी उसवणं परवडतं, ऐंशी नाही. हो, एकूण साधारण ऐंशी ओळी होतात. आकड्यावर जाऊ नका, मोजपट्टीवर ३९ सेंटिमीटर भरेपर्यंत विणा.

नवशिक्यांची हमखास चूक इथेच होते. ओळीचा शेवटचा टाका दिसत नाही, तो कडेला वाकून लपतो, आणि आपण त्याच्या आधीच फिरतो. माझ्या पहिल्या पट्टीत १६ चे ११ झाले तरी मला पत्ता नव्हता. हातात आली ती पट्टी नव्हे, पाचर होती. आईने ती दाराखाली सरकवून दाखवली आणि म्हणाली, "ह्याचा उपयोग आहे." त्यानंतर मी प्रत्येक ओळीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवायला लागले. परतीच्या ओळीत त्या पिनेच्या टाक्यात विणलं की ओळ पुरी, मग पीन काढून नव्या ओळीच्या पहिल्या टाक्यात. आणि पहिल्या दहा ओळी तरी तोंडाने मोजा.

सोळा टाक्यांची ओळ लोकलला फार सोयीची आहे. मी भांडुपहून दादरला स्लो गाडीने जाते. मध्ये कांजूर, विक्रोळी, घाटकोपर अशी स्टेशनं लागतात आणि हात बसल्यावर साधारण एका स्टेशनात एक ओळ होते. सकाळी नाही, सकाळी कोपर हलवायलाही जागा नसते, आणि तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर टेकून क्रोशा होत नाही. रात्री आठनंतरच्या परतीच्या गाडीत करा. गुंडा पिशवीतच ठेवा आणि दोऱ्याचं टोक तेवढं बाहेर काढा. माझा एकदा मांडीवरून निसटून लेडीज डब्यात पार दारापर्यंत गेला होता. चार बायकांच्या पायांतून हात पुढे करत तो परत माझ्यापर्यंत आला, तेव्हा निम्मा सुटलेला होता.

आता बोटांना कळण्याचा भाग. मुक्या खांबाच्या टाक्याला वरून बघितलं तर इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन कड्या दिसतात. एरवी सुई दोन्हींखालून जाते. एका घरासाठी तसंच विणा, पोत सपाट, बारीक दाणेदार येतो. दुसऱ्या घरासाठी सुई फक्त मागच्या कडीत घाला, म्हणजे तुमच्यापासून लांबच्या. प्रत्येक ओळीत असं केलं की दर दोन ओळींमागे एक उंचवटा उठतो आणि पट्टी पन्हळी पत्र्यासारखी होते. अंधारात हात फिरवला तरी फरक कळतो. मागच्या कडीची वीण जरा ताणली जाते, म्हणून तिला एक टाका कमी घेतला तरी चालेल. बाबांना एकच चष्मा असेल तर पन्हळीच करा, हातात धरायला ती जास्त बरी वाटते.

दोरा मध्येच संपला तर नवा ओळीच्या सुरुवातीलाच जोडा, मध्यभागी गाठ मारू नका. ती गाठ आतून काचेला लागते.

अस्तर

अस्तर लावल्याशिवाय देऊ नका. सुती दोरा मऊ असला तरी चष्म्याचे बिजागरे आणि नाकावरच्या उशांच्या तारा विणीत अडकतात, आणि मग माणूस खेचतो. अस्तर शिवायचं ते पट्टी सपाट असताना, घडी घालण्याआधी. मी आधी बाजू जोडल्या आणि मग त्या अरुंद पिशवीत हात घालून शिवत बसले. शेवटी सगळं उसवून परत केलं.

शर्टाच्या पाठीचा भाग सगळ्यात कमी झिजलेला असतो. तिथून १० बाय ४० सेंटिमीटरचा तुकडा कापा. चारही बाजू एकेक सेंटिमीटर आत दुमडून इस्त्री फिरवा, म्हणजे तो ८ बाय ३८ चा होईल. पट्टीच्या उलट्या बाजूवर मधोमध ठेवा, पिना लावा आणि बारीक हेम घालत कडेने शिवून टाका. टाका विणीच्या वरच्या धाग्यांतच धरायचा, पलीकडे दिसता कामा नये. कडेला अर्धा सेंटिमीटर वीण मोकळी राहते ती मुद्दाम ठेवलेली आहे, तिथूनच आपण बाजू जोडणार आहोत. वीण थोडी ताणते, कापड ताणत नाही, म्हणून कापड अगदी ताठ ओढून शिवू नका.

जोडणं आणि किनार

पट्टी तुमच्यासमोर अशी ठेवा की अस्तर वर दिसेल. खालचं टोक १७ सेंटिमीटर वर दुमडा. वर ५ सेंटिमीटर झाकण उरेल. दोन्ही बाजूंना पिना लावा आणि चष्मा एकदा आत घालून बघा. माझ्या मैत्रिणीने हे केलं नाही, आणि तिच्या वडिलांच्या जाड काड्यांच्या चष्म्याला घर घट्ट झालं.

आता किनारीचा भडक दोरा घ्या. मी नारिंगी घेतला. उजव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरू करा. सुई दोन्ही थरांतून आरपार घालून मुके खांब विणत वर या. कडेला ओळींची टोकं असतात, दर ओळीमागे एक टाका साधारण बरोबर बसतो. किनार लाटांसारखी वर-खाली व्हायला लागली तर टाके जास्त होताहेत, आत ओढली गेली तर कमी. तोंडापर्यंत आलात की दोरा न तोडता तसंच झाकणाच्या एकेरी कडेवरून पुढे जा. कोपऱ्यात एकाच जागी तीन मुके खांब घाला, म्हणजे वळण नीट येईल. झाकणाच्या मधोमध आलात की १० साखळ्या घाला आणि पुढच्याच टाक्यात मुका खांब विणा. ही झाली बटणाची फाशी. मग दुसरा कोपरा, आणि दुसरी बाजू परत दोन्ही थरांतून जोडत खालपर्यंत.

दोरा वीतभर ठेवून तोडा आणि शेवटच्या लूपमधून ओढून घ्या. ती टोकं बोथट सुईने विणीतून एका दिशेला ५ सेंटिमीटर न्या, मग वळून थोडी उलट दिशेला. नुसती गाठ मारून कापलीत तर पहिल्या धुण्यात सुटतील.

बटण त्याच शर्टाचं काढलं तर उत्तम. फाशीपेक्षा बटण लहान वाटलं तर साखळ्या कमी करा, किंवा कोटाचं मोठं बटण शोधा. साठीच्या पुढच्या बोटांना मोठं बटण बरं पडतं. शिवताना फक्त वरच्या थरात शिवा, आत हात घालून बघा, नाहीतर तोंडच शिवलं जातं. प्रेस बटण लावू नका, ते उघडताना वीण ओढली जाते.

हे घर ओरखडे वाचवतं, वजन नाही. खिशात, उशीशी, टेबलावर ठीक. पिशवीत स्टीलच्या डब्याखाली ठेवलं तर चष्मा वाकणारच, हे देतानाच सांगून टाका. धुवायचं हाताने, साध्या पाण्यात, पिळायचं नाही, टॉवेलात दाबून सपाट वाळवायचं. पावसाळ्यात सुती वीण दोन दिवस ओलसर राहते, म्हणून धुणं शक्यतो दिवाळीनंतर काढा.

वेळेचा अंदाज द्यायचा तर रोज तासभर बसलात तर पहिलं घर आठवड्याभरात होईल. दुसरं त्याच्या निम्म्या वेळात. फादर्स डे जूनमधल्या तिसऱ्या रविवारी येतो, त्याला धरून करणार असाल तर मे अखेरीला दोरा घरात हवा. आमच्याकडे तो साजरा वगैरे होत नाही. मी बाबांच्या वाढदिवसाला दिली, दोन्ही घरं एकदम.

त्यांना समजावून सांगितलं, पन्हळीचं वाचायच्या चष्म्याचं आणि सपाट ते लांबच्याचं. त्यांनी दोन्हींवरून अंगठा फिरवला, अस्तर बघून "हा माझा शर्ट ना?" एवढंच विचारलं, आणि आईकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी बघते तर चष्मे बरोबर उलटे ठेवलेले. सांगायला गेले तर म्हणाले, "राहू दे, माझ्या हाताला आता असंच बसलंय."